ओळख न देणारा जगन्नाथ

ज्या मराठी माणसाशी पाच प्रश्नांत ओळख निघत नाही तो काहीतरी लपवतोय, असं माझं ठाम मत आहे. आधी गाव विचारायचं, मग आजोळ, मग कॉलेज, मग बायकोचं माहेर. तेवढ्यात नाहीच जमलं तर ऑफिस. कुठेतरी धागा लागतोच. फ्रँकफर्टच्या विमानतळावर माझी व्हीलचेअर ढकलणाऱ्या जर्मन माणसाशीसुद्धा मी ओळख काढली होती. त्याच्या मावशीकडचा कुत्रा आणि आमच्या परभणीच्या काकांकडचा कुत्रा सख्खे भाऊ निघाले. हे माझ्या सुनेला, रीमाला, पटत नाही. तिला माझं काहीच पटत नाही.

मी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून कोणाचं कोणाशी बोलणं जोडून दिलं. त्यामुळे इंग्रजी कामापुरतं पक्कं आहे, आणि समोरचा थाप मारतोय की खरं बोलतोय ते श्वासावरून कळतं. स्वतःला थापांची आवड असली की दुसऱ्याची थाप जरा लवकरच ओळखू येते.

तर दोन हजार तीन साली, मी जेमतेम अमेरिकेची सिटिझन झाले असेन, कोर्टाचं बोलावणं आलं. ज्युरी ड्यूटी, म्हणजे बारा साध्या माणसांनी बसून खटल्याचा निकाल द्यायचा.

रीमा म्हणाली, "आई, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पाठवून देऊ. गुडघ्याचं. एक्सक्यूज करतात."

"ज्युरीला गुडघे लागतात का?"

"दिवसभर बसावं लागतं."

"मग इथे सांता क्लारात मी काय दिवसभर पळते?"

माझी नात कादंबरी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आजी, जस्ट टेल देम यू हेट एव्हरीबडी. दे विल सेंड यू होम."

पण मला घरी यायचंच नव्हतं. मला बघायचं होतं. रीमाने ऑफिसला जाता जाता मला सॅन होजेच्या कोर्टाच्या दारात सोडलं, तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, स्वेटर आणि बेसनाचे लाडू एवढा ऐवज होता.

आत गेल्यावर कळलं की ही साधीसुधी केस नाही. जज बाई होत्या, बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आम्हा सत्तर जणांतून बारा निवडायचे होते. त्यांनी सगळ्यांना शपथ दिली आणि शांतपणे सांगितलं. एका म्हाताऱ्या डोनटवाल्याचा त्याच्याच दुकानात पहाटे खून झाला, गल्ला फोडला गेला. आरोपी डॅरेल, वय वीस. गुन्हा शाबीत झाला तर त्याला मृत्युदंड द्यायचा की जन्मभर तुरुंगात ठेवायचं, तेही याच ज्युरीने ठरवायचं. मृत्युदंडाला बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं. एक जरी नाही म्हणाला तरी ती शिक्षा देता येत नाही.

डॅरेल समोरच बसला होता. मोठ्या अंगाचा पोरगा, पण खुर्चीत असा बसलेला की खुर्ची त्याने कोणाकडून मागून आणलीय. अंगातला शर्ट नवा होता. पाकिटातून काढल्याच्या घड्या पाठीवर तशाच उमटल्या होत्या. इस्त्री कोणी केली नव्हती.

मग जजबाईंनी नावं वाचली. आरोपीचं, मेलेल्या माणसाचं, पोलिसांची, डॉक्टरांची. यातल्या कोणालाही ओळखत असाल तर हात वर करा. मेलेल्याचं नाव सोक. कंबोडियातून आलेला.

पटापट हात वर झाले. एकाच्या शेजारी तो पोलीस राहतो. एकीचा दात त्या डॉक्टरच्या भावाने काढलेला. जज एकेकाला 'थँक यू' म्हणत होत्या आणि तो घरी चालता होत होता. मी थक्क झाले. आपल्याकडे ओळख निघाली की काम होतं. इथे ओळख निघाली की माणूस बाद. आयुष्यात पहिल्यांदा मी ओळख नसलेली बाई म्हणून बसून राहिले.

माझ्या शेजारी एक पन्नाशीचा गृहस्थ होता. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. सकाळी त्याच्या हातातून किल्ल्या पडल्या तेव्हा तोंडातून 'च्यायला' निघालं होतं, म्हणून मला कळलं की आपलाच आहे. बसल्यापासून त्याचा उजवा गुडघा सारखा हलत होता. मला स्वतःला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे माझं लक्ष लोकांच्या गुडघ्यांकडेच असतं. जजनी 'सोक' म्हटलं आणि त्याचा गुडघा थांबला. पुढचं नाव आलं, हलायला लागला.

त्याने हात वर केला नाही.

पुढचे काही दिवस आम्हाला कॉरिडॉरमध्ये बसवून ठेवलं. एकेकाला आत बोलवायचे, दार बंद करून विचारायचे, की तुम्ही मृत्युदंड देऊ शकाल का, द्यायचा नाही असं ठरवू शकाल का. केसबद्दल आपसांत एक अक्षर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. माझ्या एका बाजूला लोकर विणणारी एक गोड गोरी बाई. दुसऱ्या बाजूला तो गृहस्थ. मी लाडवाचा डबा काढला आणि कामाला लागले.

"नाव काय तुमचं?"

"जगन्नाथ."

"आडनाव?"

"इथे सगळे मला नुसतं 'जे' म्हणतात."

"बरं. कुठले तुम्ही?"

"सांता क्लारा."

"तसं नव्हे हो. मूळचे?"

"इंडिया."

"मी काय व्हिसा ऑफिसर आहे? गाव विचारतेय."

"वडिलांची बदलीची नोकरी होती. गाव असं नाही."

"कॉलेज?"

"झालं केव्हाच."

"कंपनी कुठली?"

"बऱ्याच बदलल्या, मावशी."

"बायको कुठली?"

"तुम्हाला पाणी आणून देऊ का?" म्हणाला आणि उठून गेला. माझी पाण्याची भरलेली बाटली आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती.

पाच प्रश्न सोडा, सात झाले. जर्मन माणसाने निदान कुत्रा तरी दिला होता.

मला तेव्हाच संशय आला. विणकामवाली हळूच मला सांगत होती की अशा केसेसमध्ये काही लोक ज्युरीत शिरण्यासाठी मुद्दाम गप्प बसतात. मनात आधीच निकाल ठरलेला असतो, तोंडावर मात्र 'माझं मन मोकळं आहे'. आणि खरंच, तिने जगन्नाथला विचारलं, नर्व्हस आहात का, तर तो म्हणाला, "आय हॅव ॲन ओपन माइंड." त्याला हे कोणी विचारलं होतं?

मग मी जरा खडे टाकून बघायचं ठरवलं. विणकामवालीला ऐकवायच्या निमित्ताने इंग्रजीत सुरुवात केली. म्हटलं, माझे पणजोबा नागपूरच्या जेलात फाशी द्यायच्या कामावर होते. त्यांना माणूस नुसता बघून त्याचं वजन कळायचं. म्हणून लग्नात त्यांना पंगतीला बसवत नसत. ते वाढप्याला सांगायचे, या पाहुण्यांना आणखी चार जिलब्या चालतील, मान भक्कम आहे. शेवटी एका पहाटे त्यांनी खटका ओढायला नकार दिला. म्हणाले, आज माझा हात उठत नाही. साहेबाने त्यांना नोकरीवरून काढलं.

विणकामवालीच्या सुया थांबल्या. समोरच्या बाकावरच्या चार माणसांनीही कान इकडे केले. मी जगन्नाथला मराठीत विचारलं, "बरोबर केलं का त्यांनी?"

"काम होतं त्यांचं. करायला हवं होतं," तो म्हणाला. भिंतीकडे बघून.

म्हणजे हा फाशीवाला. मी मनात नोंद केली. पण त्याचा आवाज पाठ केल्यासारखा होता. ट्रंक कॉलवर माणसं बायकोसमोर बॉसशी बोलायची ना, तसा.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा लाडू घेतला. पहिल्यांदाच. तोंडात घालण्याआधी वास घेतला आणि म्हणाला, "वेलदोडा चांगला आहे."

मी संधी सोडते होय. म्हटलं, "वेलदोड्याचं काय सांगू तुम्हाला. मी एका डोनटवाल्याला वेलदोडा घालायला शिकवलं. इथलाच, म्हातारा, कंबोडियाकडचा. वेलदोड्याची पूड पिठात घातली, कढई तापली, आणि वास आल्याबरोबर तो माणूस ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, मला माझ्या आईची आठवण झाली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या वासाने. एक बस तर—"

"काहीतरीच काय. त्याला वासच यायचा नाही."

त्याने हे इतकं सहज म्हटलं की वाक्य संपेपर्यंत त्यालाही कळलं नाही. मग कळलं. हातातला लाडू त्याने हळूच डब्यात परत ठेवला, अर्धा खाल्लेला.

मी आवाज खाली आणला. "कोणाला वास यायचा नाही?"

"मी काही बोललो नाही."

"शपथ घेतलीत तुम्ही. हात वर केला नाहीत."

"मावशी." पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमचे पणजोबा फाशी द्यायचे हे अख्ख्या कॉरिडॉरला माहीत झालंय. आता म्हणताय डोनटवाल्याला तुम्ही शिकवलं. तुम्ही सांगायला गेलात तर तुमचं ऐकणार कोण?"

यात चूक काहीच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या संध्याकाळी जेवताना मला राहवेना. घरी सांगायची बंदी होती, म्हणून मी आडून विचारलं. "रीमा, समज, एखाद्याला एक माणूस मारायचाय आणि त्यासाठी बारा जणांची सही लागते. तर तो चोरून त्या बारांत शिरेल का?"

"आई, कोर्टाबद्दल बोलायचं नाहीये ना?"

"मी लग्नाच्या आमंत्रणाबद्दल बोलतेय."

रीमाने पोळी वाढली. "एकट्याने शिरून काय होणार? बाकीच्या अकरांनी नाही म्हटलं तर?"

"आणि वाचवायचा असेल तर?"

"मग एकटा पुरतो की."

ती सहज म्हणून गेली आणि माझं जेवण तिथेच राहिलं. ज्याला डॅरेलला मारायचंय त्याला आणखी अकरा जण लागतात. ज्याला वाचवायचंय त्याला कोणीच लागत नाही, फक्त स्वतः आत असलं म्हणजे झालं. मग जगन्नाथ चोरून शिरतोय तो कशाला? मी त्याचं नाव सांगितलं आणि तो वाचवणारा निघाला, तर त्या पोराचा एकुलता एक माणूस मी घालवला. नाही सांगितलं आणि तो मारणारा निघाला, तर गोड बोलून अकरा जणांना वळवणारे मी फोनवर पुष्कळ ऐकलेत. दोन्हीकडून त्या घडीवाल्या शर्टाच्या पोराचीच मान मध्ये येत होती.

सकाळी माझा नंबर लागला.

आतली खोली लहान होती. जजबाई, सरकारी वकील म्हणजे एक उंच तरुण मुलगी, आणि डॅरेलचा वकील, वाकडा टाय लावलेला म्हातारा. डॅरेल त्याच्या शेजारी. टाइप करणारी बाई कोपऱ्यात. म्हातारा वकील उठला आणि थेट म्हणाला, "मॅडम, तुमच्या घराण्यात लोकांना फाशी द्यायचं काम होतं, असं आम्हाला कळलंय."

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते जगन्नाथचं. मला खोटी पाडायला त्यानेच चुगली केली असणार. (ते नंतर कळलं की विणकामवालीने केली होती. माझे तीन लाडू खाऊन.)

मी म्हटलं, "पणजोबा पोस्टमास्तर होते."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"कॉरिडॉरमध्ये. तिथे वेळ जात नव्हता."

टाइप करणारीची बोटं क्षणभर थांबली. जजबाईंनी चष्मा वर ढकलला. "आणि इथे?"

"इथे शपथ आहे. इथे तुम्ही विचाराल ते खरं सांगेन."

त्यांनी विचारलं. मृत्युदंड देऊ शकाल का? म्हटलं, ऐकल्याशिवाय कसं सांगू, पण ऐकायच्या आधीच ठरवून आलेली नाही, हे खरं. सरकारी मुलीने तोच प्रश्न चार बाजूंनी फिरवून विचारला. मी चारही वेळा तेच सांगितलं. मग जजबाई म्हणाल्या, "बाहेर बसलेलं कोणी तुमच्याशी या केसबद्दल काही बोललं का?"

मी डॅरेलकडे बघितलं. तो टेबलावरचा पाण्याचा ग्लास वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेऊन मग पीत होता. त्याच्या वकिलाने त्याला कोपराने हळूच ढोसलं, तसा त्याने ग्लास खाली ठेवला.

दोन बाजू होत्या आणि मला एकही नक्की माहीत नव्हती. मग मी एवढंच ठरवलं, की याच्या मानेवर मी अंदाज लावायचा नाही. मला जे ठाऊक आहे तेवढं सांगायचं.

"मी एका माणसाला थाप मारली," मी म्हटलं. "म्हटलं, मी डोनटवाल्याला वेलदोडा शिकवला. त्याने माझी चूक काढली. म्हणाला, त्याला वासच यायचा नाही. मला ते माहीत नव्हतं. इथे कोणी वाचून दाखवलेलं नाही. ज्याने चूक काढली त्याला माहीत होतं."

डॅरेलने झटकन मान वर केली. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा कोणाकडे तरी नीट बघत होता, आणि ते माझ्याकडे.

जजबाईंनी विचारलं, कोण. मी सांगितलं.

मला बाहेर पाठवलं आणि त्याला आत बोलावलं. दारात आम्ही समोरासमोर आलो. मी म्हटलं, "मी सांगितलंय." वाटलं होतं, आता हा काय काय ऐकवेल. त्याने खांदे खाली सोडले, सामान उतरवून ठेवलेल्या माणसासारखे, आणि आत गेला. ते बघून मला हायसं वाटायला हवं होतं. मला आणखीच संशय आला.

बराच वेळ गेला. मग आम्हा दोघांनाही घरी जा सांगितलं. त्याला कडक शब्दांत. मला जजबाई म्हणाल्या की तुम्ही इथे खरं बोललात याबद्दल आभार, पण तुम्हाला अकरा अनोळखी माणसांबरोबर महिनाभर एका खोलीत ठेवायची माझी हिंमत नाही.

मी बाहेरच्या बाकावर रीमाची वाट बघत बसले. जगन्नाथ पार्किंगकडे निघाला होता, तेवढ्यात वाकड्या टायवाला वकील मागून धापा टाकत आला. त्याला थांबवून विचारलं, "तुम्ही म्हणालात सकाळी सोकच्या दुकानात कॉफी घ्यायचात. डॅरेलला कधी तिथे पाहिलंत?"

जगन्नाथ म्हणाला, "आठवावं लागेल."

वकिलाने कार्ड त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "आठवा. ज्युरीत नाही, पण साक्षीदार म्हणून मला तुमची गरज पडू शकते. त्याच्या बाजूने सांगणारं माझ्याकडे कोणीही नाही." आणि परत आत गेला.

जगन्नाथ तिथेच उभा. मग येऊन माझ्या बाकावर बसला, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"मारायला शिरत होतात की वाचवायला?" मी विचारलं.

"काहीच नाही, मावशी. हात वर करायला लाज वाटली."

"लाज कसली? कॉफी प्यायची?"

तो बूट बघत बसला. मग म्हणाला, "दोन हजार एकला माझी नोकरी गेली. डॉट कॉम कंपन्या बुडत होत्या, सगळ्यांची जात होती. घरी सांगितलं नाही. रोज सकाळी शर्ट इस्त्री करायचा, लॅपटॉपची बॅग घ्यायची, आणि सोकच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलवर जाऊन बसायचं. संध्याकाळी घरी. साठवलेल्यातले काढून महिन्याच्या महिन्याला खात्यात टाकायचो, म्हणजे दीपाला पगार दिसायचा. वर्षभर. मग नोकरी लागली. तिला अजून माहीत नाही."

"वर्षभर तुम्ही डोनट खाल्लेत?"

"तो घेऊ द्यायचा नाही. म्हणायचा, इंटरव्ह्यूला पोट सुटेल."

"मग त्या दिवशी हात वर का नाही केलात?"

"केला असता तर जजनी विचारलं असतं, कसे ओळखता. सत्तर माणसांसमोर. आणि शेजारी तुम्ही. मराठी. तासाभरात अख्ख्या बे एरियाला कळलं असतं. एकदा गप्प बसलो, मग शपथ मोडली होती, मग बोलायची भीती वाटायला लागली."

"दीपा कुठल्या?"

"अकोल्याच्या."

"अकोल्याच्या कुठल्या? रामदासपेठ? तिथे माझी मावसबहीण—"

"बघा," तो म्हणाला. "म्हणूनच सांगत नव्हतो."

मी तोंड मिटलं. ते फार अवघड गेलं, कारण मावसबहीण खरंच तिथे आहे.

"आणि डॅरेल?" मी विचारलं.

"तो पहाटे यायचा. ट्रे धुवायला, मी पोचायचो तेव्हाही तिथेच असायचा. घर नव्हतं त्याला, मागच्या बाजूला गाडीत झोपायचा. सोकला वास यायचा नाही, लढाईच्या वेळचं काहीतरी झालेलं. तेल खराब झालं तरी कळायचं नाही. तर हा पोरगा रोज कढईवर वाकून वास घ्यायचा. सांगायचा, गुड, किंवा नो गुड. तो नो गुड म्हणाला की म्हातारा सगळं तेल ओतून द्यायचा. एकदासुद्धा उलट विचारलं नाही. एका सकाळी गॅस सुटला होता. मी तिथेच बसलो होतो, मला सर्दी. सोकला तर कळणारच नाही. त्या पोराने आम्हा दोघांना कॉलर धरून बाहेर काढलं. म्हातारा म्हणायचा, हे माझं नाक आहे."

समोरून एक बस गेली. आम्ही दोघांनी ती जाईपर्यंत बघितली.

"त्यानेच मारलं का?"

"माहीत नाही. मारलंही असेल. मी नोकरी लागल्यावर परत तिकडे फिरकलो नाही. नंतर त्यांच्यात काय झालं कोण जाणे." त्याने कार्ड उलटसुलट केलं. "पण हे जे मी पाहिलं ते पाहणारा दुसरा कोणी नाही. सोक होता."

"मग हे बारा जणांना सांगायला नको?"

"सांगायचं म्हणजे कोर्टात उभं राहायचं. रोज सकाळी नऊ वाजता तुम्ही तिथे काय करत होतात, हे ती उंच मुलगी पहिलं विचारेल. पेपरात येईल. दीपाला पेपरातून कळेल." मग माझ्याकडे वळला आणि एकदम लहान मुलासारखा बोलायला लागला. "मावशी, तुम्हाला सुचतं. घरी सांगण्यासारखं काहीतरी रचून द्या ना. मी तिथे का बसायचो याचं. म्हणजे साक्षही होईल आणि हेही निभावेल."

मला सुचलं नव्हतं असं मुळीच नाही. तेवढ्यात तीन बहाणे सुचले होते. कंपनीने गुपचूप डोनटची मशीन बनवायला काढली होती आणि हा तिथे टेहळणीला होता, हा तर इतका छान होता की मला तो वाया जाताना बघवेना. ओठावर आला होता. उंच मुलीने दोन प्रश्न विचारले असते आणि त्याच्या साक्षीचं मातेरं झालं असतं. घरातली थाप आणि कोर्टातलं खरं, दोन्ही एका माणसाच्या तोंडून निघालं की लोक दोन्हीवर विश्वास ठेवत नाहीत. सकाळीच अनुभव घेतला होता.

"जगन्नाथ," मी म्हटलं, "गोष्ट मी देईन, पण उपयोग नाही. बायकोला आत्ता फोन करा. मी इथे असेपर्यंत."

"आत्ता ती ऑफिसात असेल."

"तुम्हीही ऑफिसात असायचात."

तो हसला. वाईट हसला, पण हसला. फोन काढला, नंबर दाबला, कानाला लावला, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता तरी उठा.

उठले. रस्त्याच्या कडेला रीमाची गाडी दिसत होती, ती हॉर्न वाजवत होती. मी हळूहळू निघाले. इतकी हळू की मागून येणारी कबुतरं पुढे गेली.

"दीपा, मी बोलतोय. नाही, काही झालेलं नाही. कोर्टात आहे. नाही ग, मी काही केलेलं नाही. म्हणजे केलंय, पण तसलं नाही. तू कुठे आहेस? मीटिंगमध्ये? बाहेर ये जरा. हो, आत्ता. खुर्ची आहे का तिथे?"

मी बुटाची लेस बांधायला वाकले. माझ्या चपलांना लेस नसते.

"मग बस आधी," तो म्हणाला. "बसलीस?"